निजामाचं हैदराबाद काचेवर जपून ठेवणारा इंजिनिअर : राजा दीनदयाळ यांची गोष्ट

हिमायतनगर म्हटलं की दोन माणसांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळी ठिकाणं येतात.

नांदेडकराला आठवतो तालुका. जुनं नाव वाढोणा, परमेश्वराचं मंदिर आणि मुदखेड-आदिलाबाद लाईनवरचं रेल्वे स्टेशन. हैदराबादकराला आठवतो शहराच्या मधोमध असलेला, दुकानांनी गजबजलेला भाग. नाव सेम टू सेम. आणि १९४८ पर्यंत दोन्हीकडे राज्यही एकाच घराण्याचं होतं, हैदराबादच्या निजामाचं.

मराठवाड्यातल्या पोरांना शाळेत निजाम भेटतो तो मुक्तिसंग्रामाच्या धड्यात. रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन, १७ सप्टेंबर. पण त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधी हे राज्य दिसायचं कसं? नांदेड, लातूर, परभणी, बीड, औरंगाबाद ज्या राजधानीकडे बघून चालायचे, ती राजधानी कशी होती? चारमिनारच्या खाली तेव्हा काय होतं? निजामाच्या महालात खुर्च्या कशा मांडलेल्या असायच्या? आणि दुष्काळात खडी फोडायला आलेली माणसं कशी होती?

हे सगळं आज आपल्याला बघायला मिळतं, त्याचं मोठं श्रेय एका माणसाला जातं. तो ना हैदराबादचा होता, ना मराठवाड्याचा. व्यवसायानं फोटोग्राफरही नव्हता. तो होता सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढणारा आणि खर्चाचे अंदाज करणारा कर्मचारी.

त्याचं नाव लाला दीनदयाळ. पुढे झाला राजा दीनदयाळ.

मेरठजवळचा पोरगा इंदूरला कसा पोहोचला?

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा. गाव सरधना, मेरठच्या जवळ. घराणं जैन, जवाहिऱ्यांचं. म्हणजे खरं तर मुलानं रत्नं पारखायला शिकावं, अशी अपेक्षा असणार. पण तो गेला रुरकीच्या थॉमसन कॉलेजमध्ये. आज ज्याला आपण आयआयटी रुरकी म्हणतो, ते हे कॉलेज. रस्ते, कालवे, पूल बांधायला सरकारला माणसं लागायची, ती तिथं तयार व्हायची.

दीनदयाळ तिथं मोजमाप शिकले, नकाशा काढायला शिकले. एखादी इमारत कागदावर उतरवायची तर कुठे उभं राहायचं, कोणती रेघ सरळ यायला पाहिजे, कोणती बाजू पुढे घ्यायची, हे त्यांच्या हातात बसलं. पुढे त्यांच्या फोटोंमध्ये खांब तिरके दिसत नाहीत आणि इमारत चौकटीत नीट बसते, त्यात या शिक्षणाचा वाटा असणार, हे उघड आहे.

१८६६ साली त्यांना नोकरी लागली इंदूरला, बांधकाम खात्याच्या कार्यालयात. मुख्य एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन. पक्की सरकारी नोकरी.

१८७४ च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी हातात घेतली. आणि इथं गोष्टीत एक मराठी माणूस येतो. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे. योगायोग बघा, ज्या वर्षी दीनदयाळ जन्मले त्याच १८४४ साली तुकोजीराव गादीवर बसले होते. दीनदयाळ यांच्या कामाला पहिला मोठा आधार मिळाला तो याच होळकरांचा. त्यांनीच त्यांची ओळख करून दिली सर हेन्री डॅली यांच्याशी. डॅली म्हणजे मध्य भारतातल्या संस्थानांवर नजर ठेवणारे ब्रिटिश सरकारचे एजंट. इंदूरचं डॅली कॉलेज त्यांच्याच नावाचं.

संस्थानिक आणि साहेब, दोघांची दारं एका माणसासाठी उघडली. तेव्हाच्या हिंदुस्थानात यापेक्षा मोठं भांडवल दुसरं नव्हतं.

१८७५-७६ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्या दौऱ्याचे फोटो काढायची संधी दीनदयाळ यांना मिळाली. हातात कॅमेरा येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली असतील.

भारतीय माणूस आणि कॅमेरा, तेव्हा हे नवीन होतं का?

पूर्ण नवीन नव्हतं. फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये, आणि पुढच्या काही महिन्यांतच कॅमेरे हिंदुस्थानात पोहोचले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे भाऊ दाजी लाड यांचे भाऊ. हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईतला स्टुडिओही नावाजलेला होता.

पण मोठी सरकारी कामं, जुन्या वास्तूंची नोंद, व्हाईसरॉयचे दौरे, हे सगळं बहुतेक युरोपियन फोटोग्राफर्सच्या हातात होतं. दीनदयाळ यांनी शिरकाव केला तो नेमका इथं.

डॅली यांच्यानंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला दीनदयाळ मध्य भारत आणि बुंदेलखंड फिरले. सांची, ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया. १८८६ मध्ये त्यातून एक मोठं पुस्तक निघालं, मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवर. पुस्तकाचे लेखक ग्रिफिन, पण लोक आजही ते उघडून बघतात ते दीनदयाळ यांच्या फोटोंसाठी.

एक फोटो म्हणजे किती कुटाणा?

आज आपण खिशातून मोबाईल काढतो आणि चारमिनारचे चाळीस फोटो घेऊन मोकळे होतो. तेव्हा फिल्मसुद्धा नव्हती. फोटो निघायचा काचेवर.

सुरुवातीच्या पद्धतीला म्हणायचे वेट कोलोडियन, म्हणजे ओली काच. काचेची पाटी स्वच्छ पुसायची. तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण सगळीकडे सारखं पसरवायचं. हे द्रावण इथर आणि अल्कोहोलमध्ये बनवलेलं, म्हणजे भुर्रकन उडून जाणारं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. काच वाळली की खेळ खल्लास. हातात वेळ असायचा दहा-पंधरा मिनिटांचा.

म्हणजे फोटोग्राफर जिथं जाईल तिथं त्याची डार्करूमही सोबत. तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या. बारा बाय दहा इंचाची एक काच साधारण अर्ध्या किलोच्या घरात जाते. अशा शंभर काचा म्हणजे पन्नास किलो वजन, तेही फुटणारं.

नंतर आली ड्राय प्लेट. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं जिलेटिनची पद्धत सुचवली आणि १८७० च्या दशकाच्या शेवटी तयार सुक्या काचा कारखान्यातून मिळायला लागल्या. आता काच आधी तयार करून ठेवता यायची, फोटो घेऊन नंतर निवांत डेव्हलप करता यायचा. एक्सपोजरही कमी झालं. दीनदयाळ यांची कारकीर्द नेमकी या बदलाच्या काळातली. शिकारीचे, लष्करी कवायतींचे आणि मिरवणुकांचे फोटो पूर्वीपेक्षा सोपे झाले ते यामुळेच.

छापायची पद्धतही वेगळी होती. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद असायचा, त्याला अल्ब्युमेन पेपर म्हणतात. काच त्या कागदावर ठेवायची आणि उन्हात न्यायची. जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो पाहिजे असेल तर मोठी काच आणि मोठा कॅमेरा लागणार. या जुन्या फोटोंमध्ये दूरवरच्या खिडकीची जाळीसुद्धा स्पष्ट दिसते, त्याचं एक कारण हेच. फोटो वाढवलेला नाही, जसाच्या तसा उतरलेला आहे.

फोटोचा सीझन थंडीतच का?

दीनदयाळ यांच्या कामाच्या तारखा बघितल्या तर हिवाळा वारंवार समोर येतो. त्याला दोन कारणं आहेत, एक राजकारणाचं आणि एक रसायनाचं.

राजकारणाचं सोपं आहे. ब्रिटिश सरकार उन्हाळ्यात सिमल्याला जायचं. दौरे, दरबार, कवायती, राजेरजवाड्यांच्या भेटी हे सगळं थंडीत ठेवलं जायचं. युवराजाचा दौरा हिवाळ्यात, लॉर्ड लॅन्सडाउन हैदराबादला आले ते १८९२ च्या नोव्हेंबरात, दिल्लीचा मोठा दरबार भरला १ जानेवारी १९०३ ला. पाहुणे आले की फोटोग्राफर हजर.

जानेवारी १८९३ मध्ये असाच एक पाहुणा हैदराबादला आला. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड. त्याला शिकारीचा प्रचंड नाद. निजामाच्या राज्यात त्यानं वाघाची शिकार केली आणि त्याचे फोटो दीनदयाळ यांनी काढले. हाच फ्रान्झ फर्डिनांड १९१४ मध्ये सारायेव्होत मारला गेला आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. इतिहासाच्या पुस्तकात ज्याचं नाव फक्त मरण्यासाठी येतं, तो माणूस त्याआधी एकवीस वर्षं दख्खनच्या थंडीत आपल्या कॅमेऱ्यासमोर ऐटीत उभा होता.

दुसरं कारण रसायनाचं. मराठवाडा-तेलंगणातला एप्रिल-मे आठवून बघा. त्या उन्हात ओली काच झपाट्यानं वाळायची. सुकी काच आली तरी सुटका नव्हती, कारण जिलेटिन गरम पाण्यात मऊ पडतं. डेव्हलप करताना पाणी कोमट झालं तर थर सुरकुततो, काचेवरून सुटायला लागतो. बर्फ मिळाला तर ठीक, नाहीतर रात्री उशिरा किंवा पहाटे काम करायचं. थंडीत ही डोकेदुखी बरीच कमी व्हायची.

आणि तिसरी गोष्ट उजेडाची. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो. ऊन डोक्यावरून सरळ खाली न पडता तिरकं येतं. तिरक्या उन्हात दगडाला सावली मिळते आणि सावली मिळाली की कोरीवकाम उठून दिसतं. रंग नसलेल्या फोटोत सगळा खेळ उजेड आणि सावलीचाच असतो. चारमिनारच्या चार बाजू चार दिशांना तोंड करून आहेत. हिवाळ्यात त्याच्या दक्षिण बाजूवर दिवसाचा बराच वेळ ऊन असतं, पूर्व बाजू सकाळी उजळते आणि पश्चिम बाजू दुपारनंतर. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिथं समोरून उजेड पाहिजे असेल तर दुपार होईपर्यंत थांबावंच लागतं. आजही काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जुनी शहरं टिपणारे लोक डिसेंबर-जानेवारी का निवडतात, त्याचं उत्तर हेच आहे.

अजून एक गंमत. तेव्हाच्या काचांना सगळे रंग सारखे दिसायचे नाहीत. निळा रंग त्या जास्त पकडायच्या, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून त्या काळच्या बहुतेक फोटोंमध्ये आकाश पांढरंफटक दिसतं आणि ढग गायब असतात. लाल पागोटं काळं दिसतं. चालणारा माणूस पुसट होतो किंवा दिसतच नाही. त्यामुळे जुना फोटो बघून तेव्हा रस्ते रिकामेच होते, असं ठरवू नका. रस्त्यावर माणसं असतील, फक्त ती थांबली नसतील.

निजामाच्या दरबारात एन्ट्री

१८८५ हे वर्ष दीनदयाळ यांच्यासाठी मोठं ठरलं. व्हाईसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपला अधिकृत फोटोग्राफर नेमलं. त्याच सुमारास त्यांनी सरकारी नोकरी सोडली. वय चाळीसच्या पुढे. वीसेक वर्षांची पक्की नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफी करायची, हा निर्णय आज घ्यायचा म्हटला तरी घरात वाद होतील.

पण समोर हैदराबाद होतं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना १८८४ मध्येच राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले होते. गादीवर बसले तेव्हा ते अवघे दोन-तीन वर्षांचे होते, आता अठराव्या वर्षात होते. हातात सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं राज्य. त्यात तेलुगू बोलणारा तेलंगणा, मराठी बोलणारा मराठवाडा आणि कन्नड बोलणारा भाग. तरुण निजामाला आपलं राज्य आधुनिक आहे, श्रीमंत आहे, हे इंग्रजांना आणि जगाला दाखवायचं होतं. दाखवायला फोटोपेक्षा चांगलं साधन कोणतं?

दीनदयाळ निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ सुरू झाला. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या फोटोग्राफरचा अधिकृत मान मिळाला. म्हणजे एकाच वेळी राणी, व्हाईसरॉय आणि निजाम, तिघांचं नाव ते आपल्या कामावर लावू शकत होते.

१८९४ मध्ये निजामानं त्यांना किताब दिला, राजा बहादूर मुसव्विर जंग. यातला मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा आणि जंग म्हणजे लढाई. जंग हा शब्द हैदराबादच्या सरदारांच्या किताबात असायचा. सालारजंग आठवा. फोटो काढणाऱ्या माणसाला सरदारांच्या पंगतीला बसवणारा हा किताब होता. निजाम स्वतः शायरी करायचे, त्यांनी दीनदयाळ यांच्या कौतुकाचा एक उर्दू शेरही रचल्याचं सांगतात.

कॅमेऱ्यात काय काय आलं?

चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंडा. चौमहल्ला आणि फलकनुमा हे महाल, त्यांच्या आतले दिवाणखाने, झुंबरं, जेवणाची टेबलं. हत्तींच्या मिरवणुका, फौजेच्या कवायती, घोड्यांच्या शर्यती, सहली, नाटकातल्या पोशाखात बसलेले साहेब लोक. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला आले आणि शिकार झाली. मारलेल्या वाघाजवळ कर्झन पती-पत्नी उभे आहेत, हा फोटो आजही ब्रिटिश राजवटीवरच्या कितीतरी पुस्तकांत दिसतो. तो दीनदयाळ यांचा.

कॅमेरा मराठवाड्यातही आला. औरंगाबादचा बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी. १८९२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या दृश्यांचा जो अल्बम तयार झाला, त्यात ही ठिकाणं आहेत. कर्झन यांच्या संग्रहातून हा अल्बम पुढे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत गेला. तेव्हा औरंगाबादपर्यंत रेल्वे नव्हती. मुंबईकडून येणारे प्रवासी नांदगावला उतरायचे आणि पुढे टांगा किंवा बैलगाडीनं वेरूळला जायचे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी लाईन सुरू झाली ती १९०० च्या आसपास.

बायकांच्या फोटोंचा प्रश्न वेगळाच होता. पडद्यातल्या बायका परक्या पुरुषासमोर येणार कशा? दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आत, फोटो काढणारीही बाईच. त्याची जबाबदारी होती केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंवर. ज्या बायकांचा चेहरा घराबाहेर कुणी बघू शकत नव्हतं, त्यांना स्वतःचा चेहरा कागदावर बघायची सोय झाली. धंद्याची हुशारी तर यात आहेच. पण घरातली अर्धी माणसं फोटोतून गळून पडत होती, ती त्यामुळे फोटोत आली, हेही खरं.

१८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी स्वामी विवेकानंद तिथल्या धर्मपरिषदेत बोलले, ते हेच. दीनदयाळ यांचं काम तिथंही पोहोचलं आणि गौरवलं गेलं. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला. आता कंपनीत मुलंही होती, ग्यानचंद आणि धरमचंद.

आणि मग दुष्काळाचे फोटो

मराठवाड्यातल्या वाचकानं थांबून बघावा असा भाग इथून सुरू होतो.

एकोणिसावं शतक संपताना दख्खनवर लागोपाठ संकटं आली. १८९६-९७ चा दुष्काळ आणि नंतर १८९९-१९०० चा भयानक दुष्काळ. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून जुनी माणसं ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो हा. निजाम सरकारनं औरंगाबाद जिल्ह्यात दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, खडी फोडणं, माती वाहणं. काम करा आणि पोटाला मिळवा. या कामांचे फोटो काढण्याचं काम दीनदयाळ यांच्या कंपनीकडे आलं.

ज्या कंपनीच्या काचांवर फलकनुमाची झुंबरं होती, तिच्याच काचांवर आता मराठवाड्यातली उपाशी माणसं उतरली.

पण या फोटोंकडे बघताना एक प्रश्न विचारावा लागतो. ते कुणी काढायला सांगितले आणि कशासाठी? मद्रासकडच्या १८७६-७८ च्या दुष्काळात विलोबी हूपर या इंग्रज अधिकाऱ्यानं हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो काढले होते. ते बघून लोक हादरले आणि मदत करायची सोडून फोटो काढत बसला, अशी टीकाही हूपरवर झाली. निजामाच्या राज्यातल्या या अल्बमचा हेतू उलटा होता. सरकार मदत करतंय, काम चालू आहे, व्यवस्था नीट आहे, हे दाखवायचं होतं. त्यामुळे कॅमेऱ्यानं भुकेपेक्षा व्यवस्थेकडे जास्त लक्ष दिलं.

म्हणून हे फोटो खोटे ठरतात का? नाही. पण ते अर्धेच आहेत. काम काढलेलं दिसतं, कामावर न पोहोचलेली माणसं दिसत नाहीत. महालाच्या फोटोखाली मालकाचं नाव मिळतं, पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईचं नाव कुठेच मिळत नाही. दीनदयाळ दरबाराचे फोटोग्राफर होते. ज्याचा पैसा त्याची चौकट, हा नियम तेव्हाही होता.

आणि तरीही ते नसते तर? मराठवाड्यातल्या गरीब माणसाचा त्या काळातला चेहरा आपल्याकडे किती ठिकाणी आहे? वाडे असलेल्यांच्या भिंतीवर आजोबा-पणजोबांचे फोटो टांगलेले असतात. ज्यांच्याकडे वाडाही नव्हता आणि फोटोला पैसेही नव्हते, त्यांच्या पणजोबांचा उरलेला एकमेव पुरावा कदाचित अशाच एखाद्या सरकारी अल्बमच्या गर्दीत असेल. नाव नसलेला, पण चेहरा असलेला.

शेवटची वर्षं

१९०३ च्या दिल्ली दरबाराचं काम कंपनीनं केलं. पण काळ बदलत होता. १८८८ मध्येच अमेरिकेत जॉर्ज ईस्टमननं कोडॅकचा छोटा कॅमेरा बाजारात आणला होता. काचेऐवजी गुंडाळलेली फिल्म, एका रोलवर शंभर फोटो, डेव्हलप करायची कटकट कंपनीची. आता साहेब लोक आपले फोटो आपणच काढायला लागले. दहा पेट्या काचा घेऊन फिरणाऱ्या स्टुडिओंचं महत्त्व हळूहळू कमी होणार, हे दिसायला लागलं होतं.

त्यात घरावर आघात झाला. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला. पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९०५ ला, राजा दीनदयाळ यांचं निधन झालं. वय एकसष्टच्या घरात. ग्यानचंद यांनी काम चालू ठेवलं, पण पूर्वीचा विस्तार पुन्हा झाला नाही.

मग हैदराबादच बदललं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं गेली, पूल आणि वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. पुन्हा असं होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानं शहराच्या वर धरणं बांधायचं ठरलं. त्यातल्या एका तलावाचं नाव हिमायत सागर, सातव्या निजामाच्या मुलाच्या नावावरून. दीनदयाळ यांनी टिपलेलं मुसीकाठचं शहर आता पुरापूर्वीचं शहर झालं होतं. त्यांनी ज्याचे फोटो काढले तो बशीरबाग पॅलेस पुढे पाडला गेला, आज तिथं फक्त भागाचं नाव उरलंय. १९११ मध्ये महबूब अली खान गेले. १९४८ मध्ये राज्य गेलं. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

शहर, महाल, निजाम आणि राज्य, सगळं एकेक करून बदललं किंवा संपलं. काचा मात्र राहिल्या.

त्या काचांचं पुढे काय झालं?

काच फुटते, तिच्यावरचा थर ओलीनं सुटतो, बुरशी लागते. तरीही दीनदयाळ यांच्या कुटुंबानं पिढ्यानपिढ्या हजारो निगेटिव्ह सांभाळले. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं हा संग्रह विकत घेतला. त्यात २८५७ काचेचे निगेटिव्ह आहेत. २००६ मध्ये टपाल खात्यानं दीनदयाळ यांच्यावर तिकीट काढलं. २०१३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियमनं त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी दीपाली देवान आणि डेबोरा हटन या दोन अभ्यासकांचं त्यांच्यावरचं सविस्तर पुस्तक आलं. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्येही त्यांचे फोटो आहेत.

आता फिल्मवर फोटो काढायचं वेड तरुणांमध्ये पुन्हा आलंय. डिसेंबरात सकाळी सातला चारमिनारपाशी गेलात तर एखादा पोरगा किंवा पोरगी जुना कॅमेरा गळ्यात अडकवून उजेडाची वाट बघताना दिसू शकते. रोलमध्ये छत्तीस फोटो, एकेक विचार करून काढायचा. त्यांना कदाचित माहीतही नसेल, पण हा धडा इथं सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवून झालाय. तोही छत्तीस फोटोंच्या रोलवर नाही, एका वेळी एका काचेवर.

मराठवाड्याच्या दृष्टीनं मात्र एक काम अजून बाकी आहे. निजामाच्या महालांच्या फोटोंवर प्रदर्शनं झाली, पुस्तकं निघाली. दुष्काळी कामांवरच्या माणसांच्या फोटोंकडे तेवढ्या बारकाईनं बघितलं गेलेलं नाही. ते कोणत्या तलावावर होते, कोणत्या रस्त्यावर होते, तो तलाव आज आहे का, त्या गावात आज कोण राहतं, हे शोधायला दिल्ली-लंडनचा माणूस कशाला येईल? ते काम नांदेड, परभणी, संभाजीनगरच्याच कुणीतरी करायला हवं.

दीनदयाळ यांनी चौकट दरबाराला हवी तशी लावली असेल. पण काचेला फक्त उजेड समजतो. समोर उभा असलेला माणूस राजा आहे की खडी फोडणारा, हे तिला कळत नाही. दोघांनाही तिनं सारख्याच बारकाईनं उतरवून ठेवलंय.